वजनकाट्यावरचं गिऱ्हाईक

औषधवाल्याच्या मुलीला खोकला होऊ दे, ताप येऊ दे, पोट बिघडू दे, तिचं काही अडत नाही. पण एक औषध असं आहे की ते गावातल्या कुठल्याही मुलीला मिळेल, औषधवाल्याच्या मुलीला मात्र मिळायचं नाही. हे मुंगीला सकाळी दात घासताना कळलं, आणि तोंडातला सगळा फेस आरशावर उडाला.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी खोकल्याच्या गोड औषधाची बाटली कुठंही लपवली तरी ही शोधून काढायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता ती अठरा पूर्ण करून एकोणिसाव्यात होती आणि पुढच्याच महिन्यात जमीनमोजणी शिकायला दुसऱ्या गावी जाणार होती. तिच्या वर्गात एक मुलगा होता. दाराची चौकट दिसली की सवयीनं मान खाली घालणारा, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. मुंगीचं आणि त्याचं वर्षभर जुळलेलं होतं. आदल्या संध्याकाळी दोघांनी घ्यायची ती काळजी घेतली होती, पण ती काळजीच ऐनवेळी फाटली. आता दिवस राहू नयेत म्हणून घाईनं घ्यायची ती एक गोळी हवी होती. जितकी लवकर घ्यावी तितका तिचा जोर जास्त, आणि तीन दिवसांनंतर तिचा भरवसा धरता येत नाही, हे मुंगीला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुकानातल्या कपाटांमागे बसून अभ्यास करता करता तिनं ते बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

गोळी बाबांच्या दुकानात होती. डावीकडच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये. आणि गावातला प्रत्येक दुसरा औषधवाला मुंगीचा काका, नाहीतर मामा, नाहीतर तिला बारशाला मांडीवर घेतलेला. सगळीकडून कोंडी.

इथं बाबांच्या दुकानातल्या वजनकाट्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काउंटरच्या अगदी टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात एक जुना काटा आहे. वर उभं राहायचं आणि गोल तबकडीत सुई फिरते ती बघायची. बऱ्याच वर्षांपूर्वी एक तरुण त्या काट्यावर उभा राहिला तो उतरेचना. गर्दी ओसरली तरी हा आपला सुई बघतोय. शेवटी बाबा त्याच्याजवळ गेले आणि काहीतरी विचारायचं म्हणून हळूच म्हणाले, "काटा बरोबर दाखवतोय ना?" त्याबरोबर त्या गड्यानं आपली मूळव्याध भडाभडा सांगून टाकली. तेव्हापासून रीतच पडली. ज्याला चारचौघांत मागता येणार नाही असं काही हवं असेल त्यानं काट्यावर उभं राहायचं आणि उतरायचं नाही. मग बाबा तिकडं जाणार, काटा बरोबर दाखवतोय ना म्हणून विचारणार, आणि पुढचं बोलणं त्या दोघांत. पाटी कुठं लावलेली नाही, पण गावातल्या पोराटोरांपासून टकलाच्या औषधाला आलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना ही रीत ठाऊक. काट्यावरच्या माणसाला बाबा 'तुम्ही' म्हणत, मग त्याला मिसरूड फुटलेली असो वा नसो.

बाबांचं तोंडही तसंच बंद. मुंगीची आई लोकांना मोटार चालवायला शिकवायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या ब्रेकवर जीव मुठीत धरून बसायची, त्यामुळं संध्याकाळी तिला थोडी करमणूक हवी असायची. जेवताना ती रोज विचारायची, "आज काट्यावर कोण होतं?" आणि बाबा रोज म्हणायचे, "एक गिऱ्हाईक होतं. वजन केलं, गेलं." याच्यापुढं अक्षर नाही. आईच्या सख्ख्या भावाला खरूज झाली होती. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तेव्हा आईला कळलं, नाहीतर नवरा इतके दिवस तिच्या माहेरची खरूज पोटात घालून शांत जेवत होता.

मग मुंगीनं सरळ बाबांकडं का जाऊ नये? अहो, परक्याच्या मुलीला समजून घेणं निराळं. मुंगीला यायला उशीर झाला तर बाबा बोलत काही नसत, चष्मा काढून पुसत बसत. काच स्वच्छ असली तरी पुसत. त्या पुसण्याची मुंगीला फार धास्ती होती. गोळी मिळाली नाही तर काय होईल याची भीती होतीच, पण बाबांनी आपल्याकडं बघून चष्मा पुसला आणि पुन्हा कधी आधीसारखं बघितलंच नाही तर, ही भीती तिला जास्त खात होती.

लंबूनं छाती काढून सांगितलं, "मी आणतो. त्यात काय एवढं?"

गावाच्या दुसऱ्या टोकाला एका आजीबाईंचं औषधाचं दुकान होतं. लंबू मान वाकवून आत गेला. मुंगी बाहेर पारावर बसली. बऱ्याच वेळानं तो हातात पिशवी घेऊन आला, आणि तिच्यातून निघाला गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि दात शिवशिवणाऱ्यांची टूथपेस्ट.

"हे काय?"

"त्या आजी माझ्याकडं बघून इतकं गोड हसल्या, 'बोल बाळा' म्हणाल्या. माझी जीभच टाळ्याला चिकटली."

"अरे, पण गुडघ्याचा पट्टा?"

"समोरच टांगलेला होता." लंबू ओशाळला. मग जरा वेळानं म्हणाला, "मुंगे, एक-दोन दिवस थांबून बघू या का? कदाचित काही नसेलही."

"आणि कदाचित असेल," मुंगी म्हणाली. "मला जमिनी मोजायला जायचंय. कदाचितच्या भरवशावर मी पेटी भरणार नाही. हे मला आत्ता नकोय, आणि हे माझं पक्कं आहे. तुझं काय?"

"तुझं तेच माझं," लंबू म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. म्हणून तर मुंगीनं त्याला त्या पट्ट्यासकट माफ केलं. बिचाऱ्यानं पट्टा टाकून द्यायला नको म्हणून गुडघ्याला बांधूनही टाकला.

मग मुंगी स्वतः निघाली. डोक्याला ओढणी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला मास्क. सख्ख्या आईनं ओळखलं नसतं. ती गेली स्टेशनामागच्या दुकानात. तिथले औषधवाले नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवणारे, म्हणून तिचे चष्मेवाले काका. वर्षाकाठी एकदा बाबांना भेटायला येत, तेवढीच ओळख. मुंगीनं आवाज जाडा करून गोळी मागितली. काकांनी काही न विचारता हात घातला आणि खोकं काउंटरवर ठेवलं. झालंच होतं काम! मुंगीनं खोकं उचललं, उलटं केलं, कडेची तारीख उजेडात धरून वाचली, आणि सहज बोलून गेली, "हे नको, मागचं द्या."

काकांचा हात जागच्या जागी थांबला.

आता ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढं ठेवायचा आणि ताजा मागं, हे कुठल्या गिऱ्हाइकाला बापजन्मात माहीत नसतं. 'मागचं द्या' असं फक्त ड्रॉवरच्या आतल्या बाजूला वाढलेलं माणूस म्हणतं. चष्मेवाल्या काकांनी चष्म्यावरून बघितलं. ओढणी बघितली, काळा चष्मा बघितला, मग तारखेवर टेकवलेला अंगठा बघितला.

"अगं, तू तर त्याची पोर!" काका म्हणाले, आणि खोकं चटकन आपल्याकडं ओढलं. "बाबांना माहीत आहे का? थांब, थांब, मी त्याला फोन लावतो..."

मुंगी थांबते कशाला? ती जी पळाली ती काळा चष्मा हातात आणि ओढणी गळ्यात अशी चौकात येऊनच थांबली. मागून लंबू पट्टा सावरत लंगडत पळत होता.

"आता?" लंबूनं विचारलं.

"आता घरचंच दुकान," मुंगी म्हणाली. "फोन जायच्या आत."

"मी येऊ बरोबर?"

"तू दुकानासमोरच्या खांबापाशी थांब."

दुपारची वेळ होती आणि दुकान रिकामं होतं. बाबा आतल्या बाजूला नळावर डबा धूत होते. काउंटरवर कामाला असलेली ताई होती, तिनं मुंगीला बघून हुश्श केलं. "बरी आलीस. दोन घास खाऊन येते, बघशील?" म्हणून ती मागं गेली.

असा योग शोधून सापडला नसता. मुंगी काउंटरच्या आत शिरली, तिसरा ड्रॉवर उघडला, हात आत घातला. बोटांना खोकं लागलं. मागचं, ताजं. नळाचं पाणी वाजत होतं.

आणि तिला डोळ्यांपुढं ताई दिसायला लागली. बाबांना आपले ड्रॉवर जिभेला दात माहीत असावेत तसे माहीत. दिवे लावायच्या आत त्यांना कळणार की एक कमी आहे. ते मुंगीला विचारणार नाहीत, मुंगीचं त्यांच्या मनातही येणार नाही. ते ताईला विचारतील, अगदी सौम्य आवाजात, आणि ती गरीब गाय गळ्याची शपथ घेऊन रडेल. शिवाय आणखी एक होतं. आपण काही वाईट केलंय असं मुंगीला सकाळपासून एकदाही वाटलं नव्हतं. लाज वाटली होती, भीती वाटली होती, लंबूचा राग आला होता, पण वाईट केलंय असं नाही. या ड्रॉवरमध्ये हात घातल्यावर मात्र ते वाटायला लागलं.

तिनं हात काढला आणि ड्रॉवर बंद केला. मग काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आली, टोकापर्यंत चालत गेली आणि वजनकाट्यावर उभी राहिली.

बाबा हात पुसत बाहेर आले. तिला बघून हसले.

"काय गं, किती भरलीस? सकाळी काही न खाता पळालीस ती!"

मुंगी उतरली नाही. सुईकडं बघत राहिली. सुई काही एका जागी राहत नव्हती.

बाबांनी पंचा खुंटीला लावला. पुन्हा बघितलं. काट्यावरून न उतरणारी माणसं त्यांनी आयुष्यभर बघितली होती, त्यात ओळखायला काही अवघड नसतं. त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी चष्मा काढला. बाबांनी चष्मा पुसला, एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली, आणि डोळ्यांवर चढवला. मग काउंटरला हात लावत लावत ते टोकापर्यंत चालत आले.

"काटा..." बाबा खाकरून म्हणाले, "काटा बरोबर दाखवतोय ना?"

"दाखवतोय," मुंगी म्हणाली. आणि एका दमात, "मला तातडीची गोळी हवी आहे. काल संध्याकाळची गोष्ट आहे. दिवस राहायला नकोत."

बाबांनी मान डोलावली. ती जरा जास्तच वेळ डोलत राहिली.

"दुसरं काही औषध चालू आहे का तुमचं?"

मुंगीला जन्मापासून जंताच्या औषधापर्यंत सगळं त्यांनीच पाजलेलं. तरी त्यांनी विचारलं, कारण ते सगळ्यांना विचारत. आणि 'तुमचं' म्हणाले. मुंगीला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं.

"नाही."

"आणि हे तुमच्या मर्जीनंच ना? म्हणजे कुणी..." हा प्रश्न बाबा काट्यावरच्या प्रत्येक मुलीला विचारत आणि नेहमी पुरा करत. आज तो त्यांच्याच्यानं पुरा होईना. त्यांचा हात काउंटरच्या काचेवर टेकला होता, तो पांढरा पडला होता.

"माझ्या मर्जीनं, बाबा," मुंगी म्हणाली. "कुणी काही जबरदस्ती केलेली नाही. आणि आम्ही काळजीही घेतली होती. ती फाटली."

बाबांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. हात काचेवरून उचलला.

"फाटतात," ते म्हणाले. "पोरं पाकिटात घालून फिरतात, उष्णतेनं खराब होतात. गार, कोरड्या जागी..." आणि मग आपण हे कुणाला सांगतोय ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाले. मुंगी त्यांच्याहून लाल. दोघंही सुईकडं बघायला लागले.

मग बाबा गेले, तिसरा ड्रॉवर उघडला, हात पार मागं घालून खोकं काढलं. तारीख उजेडात धरून वाचली. पेल्यात पाणी ओतलं. दोन्ही तिच्यापुढं ठेवलं आणि नेहमीचं सांगायला लागले. मुंगीला ते पाठ होतं, तरी तिनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. "मळमळेल कदाचित. दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत यायचं, पुन्हा घ्यावी लागेल. पाळी थोडी मागं-पुढं होईल, घाबरायचं नाही. आठवड्याहून जास्त लांबली तर मात्र तपासून घ्यायचं. ही अडीनडीची गोळी आहे, नेहमीची नव्हे. नेहमीसाठी काय बरं ते दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारायचं. त्या ओरडत नाहीत, मी त्यांना चांगला ओळखतो."

मुंगीनं गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली.

"हळू पी," बाबा म्हणाले. हे मात्र त्या नेहमीच्या सांगण्यात नव्हतं.

पेला खाली ठेवताना मुंगीचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्ही रागावलात?"

बाबा विचार करू लागले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "रागावलो नाही. दचकलो," ते म्हणाले. "काल-परवापर्यंत तुला त्या काट्यावर उभं करताना खाली पाट द्यावा लागायचा. पण आलीस ना. दुसरीकडं कुठं रडत बसली असतीस तर मला फार लागलं असतं."

तेवढ्यात फोन वाजला. चष्मेवाल्या काकांचा आवाज एवढा मोठा की तो काट्यापर्यंत ऐकू येत होता. बाबा ऐकत गेले, आणि मुंगीनं त्यांना इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं तसे लालबुंद झाले. फोन खाली आदळणार असं तिला वाटलं.

"काय मागितलं तिनं?" बाबा म्हणाले. "हं. आणि तुझ्याकडं होतं? ... मग दिलं का नाहीस? ... कुणाची मुलगी ते बघायला बसलास तू? अरे, गिऱ्हाईक औषधासाठी तुझ्या पायरीवर येतं, तू ते हातातनं काढून घेतोस, आणि वर मला फोन करतोस? उशीर झाला असता म्हणजे? शरम वाटायला हवी तुला! ... नाही, आता काही नको. उद्या मीच येतो तुझ्याकडं. येतो आणि तुझ्या दुकानात एक वजनकाटा ठेवून जातो!"

फोन ठेवून ते बराच वेळ धुसफुसत राहिले. खोकी उगाचच इकडची तिकडं लावली. मुंगी काट्यावरून उतरली आणि फळीखालून वाकून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आतून ताईचा डबा बंद केल्याचा आवाज आला.

बाबांनी काचेतून बाहेर बघितलं.

"तो खांबामागं लपलाय, तो तुझ्याबरोबरचा का?"

"हो."

"खांब बारीक आहे म्हणावं." मग नीट निरखून, "आणि गुडघ्याला काय झालंय त्याच्या?"

"काही नाही," मुंगी म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला इतकं हसू फुटलं की काउंटरला धरून खाली बसावं लागलं. बाबांनी काही वेळ धीर धरला, मग तेही हसायला लागले. का हसतोय ते त्यांना कळलं नव्हतं, पण पोर हसतेय एवढं त्यांना पुरलं. ताई बाहेर येऊन दोघांकडं बघत राहिली.

दुपारी थोडं मळमळलं, पण गोळी पोटात राहिली. तरी संध्याकाळ होत गेली तशी मुंगीच्या जिवाला एक निराळीच टोचणी लागली. आई. दुकानातले बाबा निराळे, घरातले निराळे असले तर? आईपासून एवढी मोठी गोष्ट ते कशी लपवतील, आणि का लपवतील? त्यांना विचारायचा तिला धीर झाला नाही. आईला सांगायचं तर ते स्वतः सांगायचं होतं तिला, आपल्या वेळेला, आपल्या शब्दांत. कदाचित आईच्या गाडीत शेजारी बसून, कारण समोर रस्ता असला की आई रागावली तरी वळून बघू शकत नाही. पण आज नाही. आज अंगात त्राण नव्हतं.

तिघं जेवायला बसली. आईनं तिच्या आजच्या शिकाऊ माणसाची कथा सांगितली. त्यानं म्हणे वळताना डोळे मिटले. मग ती भात वाढता वाढता म्हणाली, "बरं, तुमचं काय? आज काट्यावर कोण होतं?"

मुंगीचा घास हातातच राहिला.

बाबांनी वर बघितलं नाही. शांतपणे घास चावला, गिळला.

"एक गिऱ्हाईक होतं," ते म्हणाले. "वजन केलं, गेलं."

"एवढंच?" आई वैतागली. "इतकी वर्षं तेच ऐकतेय मी. निदान भरलं किती, तेवढं तरी सांगा!"

बाबा यावर कधी काही बोलत नसत. आज त्यांनी जरा विचार केला.

"बरोबर भरलं," ते म्हणाले. "जेवढं भरायला हवं, अगदी तेवढं."

मुंगीला ठसका लागला. आई "अगं हळू, हळू" करत तिच्या पाठीत थोपटायला लागली, आणि बाबांनी आपला पाण्याचा पेला तिच्याकडं सरकवला.